दुबईच्या फ्लॅटसाठी काजूचं भाट विकू का?

पत्र : माझं वय ६१, राहणार डिचोली तालुका. यजमान पाच वर्षांपूर्वी गेले. मुलगी लग्न होऊन म्हापशाला असते. मुलगा नऊ वर्षं दुबईत, एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर आहे. पगार चौदा हजार दिरहॅम, लग्न अजून व्हायचंय. गेल्या वर्षी त्यानं तिकडे काम चालू असलेल्या इमारतीत एका बेडरूमचा फ्लॅट बुक केला. किंमत साडेसात लाख दिरहॅम. वीस टक्के आधी भरले, त्यातले काही बँकेचं कर्ज काढून. आता महिन्याला एक टक्का जातो. दोन-अडीच वर्षांनी चावी मिळेल तेव्हा उरलेले चाळीस टक्के एकदम द्यायचे आहेत.

घरामागं आमचं साडेतीन हजार चौरस मीटरचं काजूचं भाट, म्हणजे बाग आहे. दलालानं दिल्लीची पार्टी आणलीय. मुलगा म्हणतो, गणेशचवथीला येतो तेव्हा सही कर, ताईचं नंतर बघू. आमचे खनिज वाहणारे दोन टिप्पर होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा या भाटानंच आम्हाला तारलं. हे बोलून दाखवलं तर म्हणतो, "आई, दुबई म्हणजे मायनिंग नव्हे." मी सातवी शिकलेली, त्याच्याशी वाद कसा घालू? आणि सही नाही केली तर मुलगा तुटेल का, ही धास्ती वेगळीच.

उत्तर :

ताई,

या चवथीला सही करू नका. कारणं पुढे सांगते, पण पत्राची घडी करून ठेवण्याआधी एवढं पहिलं वाक्य तरी तुमच्या हाती असू दे.

आता मुलाच्या वाक्याकडे येऊ. दुबई म्हणजे मायनिंग नव्हे, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. मायनिंग कोर्टकचेऱ्यांनी आणि सरकारी आदेशानं थांबलं, दुबईत तसं काही झालं नव्हतं. पण तुमच्या घरावर २०१२ मध्ये जे आलं ते फक्त खाण बंद झाल्यानं आलं नाही. आठवून बघा. १० सप्टेंबर २०१२ ला सरकारनं खाणकाम थांबवलं. त्या दिवशी टिप्परचं भाडं गेलं, पण टिप्पर तरी होता. तो विकून कर्ज फेडावं म्हटलं, तर अख्ख्या डिचोली-सांगे पट्ट्यातला प्रत्येक मालक त्याच आठवड्यात आपापला टिप्पर विकायला निघाला होता. घेणार कोण? गॅरेजवाला, टायरवाला, चहाचा गाडा, बार्जवरचा खलाशी, सगळ्यांची कमाई एकाच खनिजावर होती. कमाई, गाडी, गाडीचं कर्ज आणि गाडीची किंमत ही चारही एकाच खुंटीला टांगलेली होती, म्हणून सगळं एकदम खाली आलं. भाट तेवढं त्या खुंटीला नव्हतं. काजूला खनिजाचा भाव विचारावा लागत नाही.

हे तुम्ही सातवी शिकून ओळखलंत. तुमच्या मुलानं इंजिनिअरिंगची पदवी घेऊनही ते ओळखलेलं दिसत नाही. त्याचा पगार दुबईच्या बांधकामावर. त्याचा व्हिसा त्या नोकरीवर. त्याचं कर्ज त्या पगारावर. आणि फ्लॅटची किंमत पुन्हा त्याच बांधकामाच्या बाजारावर. आता त्याला या खुंटीवर डिचोलीचं भाटही नेऊन अडकवायचं आहे. माझा विरोध आहे तो एवढ्यालाच. फ्लॅट घ्यावा की नाही, हा त्याचा प्रश्न.

दुबईत एकदा काय झालं ते त्याला माहीत असेल, पण तो तेव्हा शाळेत असणार, म्हणून ऐकीव असेल. २००२ साली दुबईनं परदेशी माणसांना मालकी हक्कानं घर घेऊ द्यायचं ठरवलं आणि बांधकामाला ऊत आला. समुद्रात भराव टाकून ताडाच्या झाडाच्या आकाराचं बेट केलं. मग जगाच्या नकाशासारखी दिसणारी बेटांची अख्खी रांगोळी घातली. पाया खणण्याआधी फ्लॅटच्या बुकिंगची पावती दोन-तीन हातांतून विकली जायची. दहा टक्के भरायचे, पुढच्या हप्त्याआधी नफा घेऊन बाहेर पडायचं, हाच धंदा. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली आणि जगभर कर्ज मिळणं थांबलं. दुबईचा सगळा थाट उसनवारीचा. तरीही त्याच वर्षी २० नोव्हेंबरला पाम जुमेरा या त्याच ताडाच्या बेटावरच्या अटलांटिस हॉटेलाचं उद्घाटन झालं ते डोळे दिपवणाऱ्या आतषबाजीनं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नखील या बड्या बिल्डर कंपनीनं एक किलोमीटरहून उंच मनोऱ्याचं काम थांबवलं. तो मनोरा जाहीर होऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते.

वर्षभरात घरांचे भाव जवळपास निम्म्यावर आले. २५ नोव्हेंबर २००९ ला दुबई वर्ल्डनं, म्हणजे नखीलची मालक असलेल्या सरकारी कंपनीनं, कर्जफेडीसाठी सहा महिन्यांची मुदत मागितली आणि जगभरचे शेअर बाजार हादरले. १४ डिसेंबरला शेजारच्या अबुधाबीनं १० अब्ज डॉलर दिले तेव्हा कुठे त्या दिवसाचं देणं भागलं. तीन आठवड्यांनी, ४ जानेवारी २०१० ला, ८२८ मीटर उंचीची जगातली सर्वांत उंच इमारत उघडली. इतकी वर्षं तिचं नाव बुर्ज दुबई होतं. उद्घाटनाच्या दिवशी ते बुर्ज खलिफा झालं. खलिफा म्हणजे तेव्हाचे अबुधाबीचे राज्यकर्ते. पैसे देणाऱ्याचं नाव वर लागतं, मग ते देवळातल्या फरशीवर असो की बुर्जावर.

मुलगा यावर म्हणेल, पण दुबई बुडाली कुठे? खरंच नाही बुडाली. भाव सावरले, २०१४ नंतर पुन्हा सहाएक वर्षं उतरत गेले आणि २०२१ पासून जे चढले ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. शहर उभं राहिलं. पण २००९ मध्ये घेतलेलं घर धरून ठेवून त्याचा फायदा कोणाला झाला? ज्याला थांबता आलं त्याला. थांबता येण्यासाठी तिथे राहायला व्हिसा हवा, व्हिसाला नोकरी हवी, आणि बांधकाम थांबल्यावर पहिली कपात होते ती साइटवरच्या माणसांची आणि मोजमाप-बिलं करणाऱ्यांची. तुमचा मुलगा नेमकं तेच काम करतो. तेव्हा नोकरी गेली की तीस दिवसांत देश सोडावा लागे आणि चेक वटला नाही तर तुरुंग ठरलेला. लोक गाड्या विमानतळावर सोडून पळाले, ते उगाच नव्हे. असे पळालेले किती, याचे आकडे फुगवून सांगितले गेले, पण गाड्या तिथे उभ्या होत्या हे खरं.

आता नियम पुष्कळ सुधारले आहेत, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. २००७ च्या कायद्यानं बिल्डरला ग्राहकांचे पैसे प्रकल्पाच्या स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, त्यातून दुसरीकडे हात मारता येत नाही. नोकरी गेल्यावर राहायला मुदत जास्त मिळते. २०२२ पासून खात्यात पैसे नसल्यानं चेक परत गेला तर तो सहसा फौजदारी गुन्हा धरत नाहीत, दिवाणी वसुली होते. पण "हप्ते झेपले नाहीत तर गोव्यात निघून येईन" असा कोणाचा हिशेब असेल, तर तो आता चुकीचा आहे. जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीच्या दिवाणी न्यायालयांचे पैशांचे हुकूमनामे आपल्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी आणता येतात. तिकडची बँक उद्या इथल्या त्याच्या हिश्श्यापर्यंत पोहोचू शकते.

त्याच्या आकड्यांचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. साडेसात लाखांचे वीस टक्के म्हणजे दीड लाख दिरहॅम. महिन्याचा एक टक्का म्हणजे साडेसात हजार. वर्षभर भरले असतील तर नव्वद हजार. एकूण दोन लाख चाळीस हजार दिरहॅम गेले. पगार चौदा हजार, त्यातले साडेसात हजार बिल्डरला, वर बँकेच्या कर्जाचा हप्ता, वर खोलीभाडं आणि जेवणखाण. मुलगा फार काटकसरीत दिवस काढतोय, ताई. तुम्हाला फोनवर सांगत नसेल.

आणि उद्या हप्ते थांबले तर? दुबईच्या कायद्यात इमारत किती झाली त्यावर ठरतं. काम साठ टक्क्यांहून कमी झालेलं असेल तर करार रद्द करून बिल्डर किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेऊ शकतो, त्याहून पुढे गेलं असेल तर ४० टक्क्यांपर्यंत. लक्षात घ्या, भरलेल्या पैशांच्या नव्हे, फ्लॅटच्या किमतीच्या. म्हणजे दोन लाख चाळीस हजारांतले एक लाख सत्याऐंशी हजार पाचशे जातील, नाहीतर सगळेच. हे कलम करारात असतं, माहितीपत्रकात नसतं. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव असतो.

आता मला खटकलेली गोष्ट. शेवटचे चाळीस टक्के, म्हणजे तीन लाख दिरहॅम, चावीच्या वेळी द्यायचे आहेत. चावीला अजून दोन वर्षांहून जास्त अवधी आहे. शिवाय तेव्हा तयार घरावर तिकडची बँक गृहकर्ज देते, परदेशी नोकरदाराला पहिल्या घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देण्याची मुभा आहे. त्याला तर चाळीसच हवेत. तीन लाखांचं वीस वर्षांचं कर्ज पाच टक्क्यांनी धरलं तर हप्ता दोन हजार दिरहॅमच्या आत बसतो. तोवर महिन्याचे साडेसात हजार संपलेले असतील. मग पैसे या चवथीला कशाला हवेत?

तीन शक्यता दिसतात. आधीच्या कर्जानं किंवा क्रेडिट कार्डानं गळा आवळलाय. किंवा नोकरीत काहीतरी डळमळलंय. किंवा दलालानं त्याला दुसरा फ्लॅट दाखवलाय, आणि भाव चढत असताना ही शक्यता सर्वांत जास्त. फ्लॅट घेतला की गोल्डन व्हिसा मिळतो, असंही त्याला सांगितलं असेल. दहा वर्षांच्या त्या व्हिसासाठी मालमत्ता वीस लाख दिरहॅमची लागते. साडेसात लाखांच्या एका फ्लॅटवर तो मिळत नाही, तसे तीन घेतले तर किंमत तिथवर जाते, आणि दुसऱ्या फ्लॅटचा मोह नेमका तिथून सुरू होतो.

हा प्रश्न त्याला फोनवर विचारू नका. चवथीला तो घरी असेल, गणपतीवरची माटोळी बांधून झालेली असेल, जेवणं उरकली असतील, तेव्हा विचारा. "फ्लॅट का घेतलास" असं विचारलंत की तो वकिली करेल. "पैसे आत्ताच का हवेत, महिन्याला हातात किती उरतात" असं विचारा आणि गप्प बसा. कर्जाचा भार असेल तर तो गरजेपुरता हलका करायला घरातले दागिने, ठेव, बहिणीची मदत असे मार्ग आहेत. नऊ वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी किती जमलीय, तेही कळेल. हप्ते झेपतच नसतील तर भाट विकून फ्लॅट वाचवण्यापेक्षा फ्लॅट विकून भाट वाचवता येतं. पुष्कळ करारांत ३० ते ४० टक्के भरल्यावर बिल्डरची एनओसी घेऊन बुकिंग दुसऱ्याच्या नावावर करता येतं. बाजार वर असताना घेणारा भेटतो, पडल्यावर नाही. टिप्परचं जे झालं तेच.

त्याला येताना तीन कागद आणायला सांगा: विक्रीचा मूळ करार, दुबईच्या जमीन विभागातल्या नोंदणीचा दाखला (तिकडे त्याला 'उकूद' म्हणतात) आणि भरलेल्या हप्त्यांचा उतारा. उतारा बघताना पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच गेलेत ना, एवढं तपासायचं. दलालाच्या खात्यात गेले असतील तर ते आधी निस्तरायला हवं, बाकी सगळं नंतर. इमारत प्रत्यक्षात किती टक्के उभी राहिली ते जमीन विभागाच्या 'दुबई रेस्ट' ॲपवर दिसतं. सर्व्हेअर माणूस आहे, स्वतःच्या फ्लॅटचं मोजमाप त्यानं घेतलं असेलच, असं आपण धरून चालू.

आता भाटाकडे. तुमचं पत्र असं आहे की जणू तुमच्या एका सहीवर सगळं अडलंय. तसं नाही. आपल्या गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक. यजमान गेल्यावर अर्धं भाट तुमचंच आहे, ते वारशानं आलेलं नव्हे, मुळातलंच तुमचं. उरलेलं अर्धं दोन्ही मुलांचं, सारखं. म्हणजे मुलाचा पाव हिस्सा आणि मुलीचाही पाव. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मुलीच्या हिश्श्यात जावईही आले, म्हणून सही त्यांचीही लागेल. "ताईचं नंतर बघू" हे कायद्यातही बसत नाही आणि रीतीतही. मुलगी गप्प आहे म्हणजे तिची हरकत नाही, असं तुम्हीही धरू नका. तिला कोणी विचारलंय का?

एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, अजून यजमानांचंच नाव आहे का, ते बघा. सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते ठरवणारा दस्त, झालेलं नसेल तर विक्रीचं खरेदीखत अडतं. अशा वेळी दलाल म्हणतो, "आत्ता नुसतं ॲग्रीमेंट करूया, ॲडव्हान्स घ्या, बाकीचं मागून." नाहीतर म्हणतो, "पॉवर ऑफ ॲटर्नी द्या, तुम्हाला हेलपाटे नकोत." दोन्हीला नाही म्हणा. हेलपाटे घातलेले बरे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून दिल्लीची पार्टी डिचोलीपर्यंत पोहोचलीय. ती काजूसाठी आलेली नाही. जमिनीचा झोन ऑर्चर्ड (बागायती) आहे की सेटलमेंट (घरबांधणीचा), यावर भावात केवढा फरक पडतो ते दलालाला पक्कं माहीत असतं, विकणाऱ्याला बहुधा खरेदीखत झाल्यावर कळतं. झोनिंगचा दाखला काढून ठेवा, विकायचं नसलं तरी.

बँकेचंही थोडक्यात. परदेशात मालमत्ता घ्यायला पैसे पाठवण्यासाठी इथली बँक तुम्हाला कर्ज देऊ शकत नाही, म्हणून तारण ठेवण्याचा मधला मार्ग कोणी सुचवला तरी तो बंद आहे. तुमच्या हिश्श्याचे पैसे त्याला पाठवायचे झाले तर दहा लाखांपुढच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच कापून घेते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तेवढे पैसे वर्षभर अडकतात. दलालानं सांगितलेला आकडा दुबईला पोहोचेपर्यंत बराच बारीक झालेला असेल.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मुलगा तुटेल का. रागावेल, ते नक्की. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही असं त्याला वाटेल, आणि चार लोकांत बढाई मारून झाली असेल तर मान खाली जाईल ती वेगळी. म्हणून नुसतं "नाही" म्हणू नका. त्याच्या पाव हिश्श्याचा तो धनी आहे, ते मान्य करा, आणि सांगा की रीतसर सक्सेशन डीड करूया, वाटणी करूया, मग तुझ्या वाट्याचं तू काय ते ठरव. सहमालकांना त्याचा हिस्सा घेण्याचा पहिला हक्क असतो, त्याबद्दल वकिलाला विचारून ठेवा. कदाचित तो हिस्सा जावईच घेतील आणि भाट घरातच राहील. तुमचं अर्धं मात्र तुमच्या हयातीत हलवू नका. त्याला उद्या नोकरी सोडून यावं लागलं तर यायला जागा हवी, आणि हे तुम्ही त्याला याच शब्दांत सांगितलंत तरी चालेल. आईनं सही केली नाही म्हणून मुलगे फुगतात, वर्ष-दोन वर्षं फोन कमी करतात. आईनं सही केली आणि पुढे सगळं गेलं, तर ज्या मुलाला जनाची नाही तरी मनाची आहे तो घराकडे तोंड दाखवायला येत नाही. मायनिंग पट्ट्यात अशी घरं तुम्हीही पाहिली असतील.

मुलीला आजच फोन करा. जावयांना घेऊन चवथीला दोन दिवस आधी यायला सांगा, म्हणजे मुलगा येईल तेव्हा तुम्ही एकट्या नसाल. आणि दलालाचा फोन आला तर त्याला सांगा, सक्सेशन डीड व्हायचंय, कागद तयार झाले की कळवू. झालेलं नसेल तर ते खरंच आहे. झालेलं असेल तर जावयांचा नंबर द्या, ते बोलतील.